हिराकस मारूनही खोडवा दरवर्षी पिवळा पडतोय? मग हे तपासा

मंडळी, दरवर्षी तोडणी झाली की महिन्या-दीड महिन्याने हाच प्रश्न येतो. ऊस गेला, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणारं पीक) राखला, युरिया टाकला, पाणी दिलं आणि शेताच्या एका पट्ट्यात पोंग्यातली (शेंड्याच्या मधल्या सुरळीतली) पानं पिवळी धमक. दुकानात गेलं की दुकानदार हिराकस देतो, फवारला की आठवड्याभरात जरा हिरवट दिसतं, आपण खूश, आणि मग पुढचं नवीन पान येतं ते परत पिवळंच. मग कोण म्हणतं औषध डुप्लिकेट, कोण म्हणतं बेणंच खराब होतं, कोण डबल डोस मारून पानं करपवून बसतं.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोह आणि गंधकाचं मीठ. पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुना उपाय आहे हा, १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युसेब ग्री नावाच्या माणसाने पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहाचे क्षार लावून ती हिरवी करून दाखवली होती. म्हणजे वस्तू कामाची आहे, स्वस्त आहे, त्यात वाद नाही. पण ही वस्तू फार नाजूक आहे, हवा लागली, खारं पाणी लागलं, चुना लागला की बिघडते, आणि आपल्याकडे नेमकं हेच तिन्ही भरपूर.

पहिलं काम, पिवळेपणा लोहाचाच आहे का ते बघा. केवडा, म्हणजे लोहाअभावी येणारा पिवळेपणा, पडलेल्या उसात सगळ्यात वरची कोवळी पानं आधी पिवळी पडतात, खालची जुनी पानं हिरवीच राहतात. पान उन्हाकडे धरून बघितलं की शिरा हिरव्या आणि दोन शिरांमधला भाग पिवळा, म्हणजे बुडापासून शेंड्यापर्यंत बारीक हिरव्या-पिवळ्या रेघा. फार झालं की शिराही फिकट होतात आणि पान पांढरं पडतं. लोह एकदा जुन्या पानात गेलं की तिथून नव्या पानाला जात नाही म्हणून असं होतं. नत्र कमी असेल तर उलटं, खालची पानं आधी पिवळी. गंधक कमी असेल तर कोवळं पान पिवळं होतं पण शिरांसकट अख्खं, रेघा दिसत नाहीत.

खोडव्यात अजून दोन गोष्टी फसवतात. एक गवताळ वाढ. त्यात बेटात भसाभस बारीक फुटवे येतात, पानं अरुंद, आणि काही फुटवे शिरांसकट पांढरेफटक. हा रोग आहे, याला कितीही हिराकस मारा काही होत नाही, बेट मुळासकट काढून नष्ट करायचं आणि त्या प्लॉटचं बेणं कुठेच वापरायचं नाही. दुसरा पोक्का बोइंग, तो पावसाळ्यात जास्त, कोवळ्या पानाच्या बुडाशी फिकट-पांढरे डाग, पान सुरकुततं, पिळवटतं. ती बुरशी आहे. केवड्यात पान पिवळटलं तरी आकार सरळच असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी गफलत टळते.

तरी खात्री होत नसेल तर बिनखर्चाची टेस्ट करा. अर्धा लिटर पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, त्यात चिमूटभर सायट्रिक ऍसिड, म्हणजे अर्धा ग्रॅमच्या आसपास, आणि अडीच ग्रॅम चांगला हिराकस. दहा-बारा पिवळी कोवळी पानं निवडा, मधल्या शिरेच्या एकाच बाजूला कापसाने हे पाणी लावा, दुसरी बाजू तशीच सोडा, पानाला दोरा बांधून खूण करा. पाच ते आठ दिवसांनी बघा. लोहाचीच कमतरता असेल तर लावलेली बाजू हिरवी आणि शेजारची पिवळी, एकाच पानावर दोन रंग. कधी कधी जिथे थेंब बसला तिथेच हिरवे ठिपके येतात. काहीच फरक नाही पडला तर हिराकसाचा नाद सोडा आणि जस्त, मँगनीज, गंधक, मुळाचा प्रॉब्लेम, हुमणी (मुळं खाणारी अळी), तिकडे वळा. ही टेस्ट न करता पाच एकरावर फवारणीचा खर्च करणं मला तरी पटत नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह आली पण शेतात फवारलेलं लागू पडत नाही, असं असेल तर पुढचं वाचा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

आधी पिशवीतला माल. चांगला हिराकस फिकट निळसर-हिरवा, काचेसारखे खडे. त्यात लोह साधारण १९ ते २० टक्के असतं, बाकी गंधक, ऑक्सिजन आणि पाणी, एका खड्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणीच असतं. पिशवी उघडी राहिली आणि हवा कोरडी असली की ते पाणी उडतं आणि वर पांढरी भुकटी येते, त्याने फार बिघडत नाही. पण दमट हवा लागली की पिवळसर-तपकिरी थर चढतो, तो वाईट, कारण तिथलं फेरस लोह फेरिक झालं म्हणजे गंजलं. पावसाळाभर शेडमध्ये तोंड उघडं पडलेली गेल्या वर्षीची पिशवी असेल तर ती फवारणीला नकोच. चेक करायचं तर काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी, दोन चिमट्या सायट्रिक ऍसिड आणि चमचाभर हिराकस टाका. पाणी स्वच्छ फिकट हिरवं दिसलं तर माल ठीक. पिवळं-तांबूस, गढूळ, खाली गाळ, तर परत करा.

बाजारात पांढरट पावडरीतलं फेरस सल्फेटही मिळतं, त्यात पाण्याचा अंश कमी आणि लोह ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणून खड्याचा डोस जसाच्या तसा त्याला लावू नका, पिशवीवरचा टक्का वाचा. आणि गडद निळे खडे दिले तर तो मोरचूद आहे, तांब्याचा. हिराकसाच्या मापात मोरचूद फवारला तर पानं जळणारच. हसू नका, सुट्या मालात हे होतं.

आता पाणी. माझ्या मते अर्ध्या केसेस इथेच आहेत. विहिरीचं किंवा बोरचं पाणी घेतलं, पीएच आठ-साडेआठ, त्यात बायकार्बोनेट भरपूर (चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो ना, तेच पाणी), बॅरलमध्ये हिराकस टाकला, हलवलं, बाकीची औषधं मिसळली, चहा प्यायला, तासाभराने फवारायला घेतलं. एकदा बादलीत हे करून बघाच. आधी पाणी हिरवट दिसतं, मग गढूळ हिरवं, मग वरून तांबूस व्हायला लागतं आणि थोड्या वेळाने तळाला गंजाचा चिखल बसतो. म्हणजे फवारणीआधीच हिराकसाचा गंज झालेला असतो. तो गंज पानात शिरत नाही, पानावर तांबडे डाग पाडतो आणि नोझल चोक करतो, बस. याचं कारण असं की साध्या पाण्यात लोह गंजण्याचा वेग पीएच एकाने वाढला की जवळपास शंभर पट होतो. पीएच चार-पाचला जे पाणी दिवसभर टिकेल ते आठला काही मिनिटांत जातं.

म्हणून क्रम पाळा. बॅरल प्लास्टिकचा. आधी पाणी, मग सायट्रिक ऍसिड लिटरला १ ग्रॅम, ढवळा, पीएच पट्टी बुडवून बघा, चार ते पाच आला पाहिजे, पाणी फार खारं असेल तर ऍसिड थोडं वाढवा. मग हिराकस लिटरला ५ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक ऍसिड. युरिया घालायचा तर लिटरला १० ग्रॅम, त्याने पानात शिरायला मदत होते, आणि शेवटी स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण). लागेल तेवढंच बनवा आणि लगेच मारा, उद्यासाठी ठेवू नका.

जुन्या लोकांच्या पद्धतीत सायट्रिक ऍसिडऐवजी चुन्याची निवळी घालतात, हिराकसाच्या निम्म्या प्रमाणात. त्यामागे कारण आहे, हिराकसाचं पाणी आम्लधर्मी असतं आणि एक टक्क्याला (लिटरला १० ग्रॅम) पानं करपू शकतात, चुना ते आम्ल मारतो. पण चुना आम्लाबरोबर लोहाचाही गाळ करतो, त्यामुळे ते मिश्रण फार पटकन मारावं लागतं. अर्धा टक्का, म्हणजे वरचे लिटरला ५ ग्रॅम, मारत असाल तर चुन्याची गरज नाही, मी सायट्रिक ऍसिडवाला आहे. एक टक्क्यावर मी जातच नाही, तीव्र एक फवारणी मारण्यापेक्षा हलक्या दोन-तीन बऱ्या.

यात काय मिसळू नये हेही सांगतो. १२:६१:० किंवा कुठलंही स्फुरद असलेलं विद्राव्य खत नको, लोह आणि स्फुरदाचा गाळ होतो. कॅल्शियम नायट्रेट नको, जिप्सम तयार होतं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) नको. कीटकनाशकाबरोबर मारून मजुरी वाचवायचा मोह होतो, पण शक्यतो हिराकस एकटाच जाऊ द्या.

वेळ सकाळी लवकर किंवा चार-साडेचारनंतर, उन्हाच्या तिरपेत थेंब वाळतो आणि मीठ पानावरच राहतं. पोंग्यात आणि कोवळ्या पानांवर मारा, खालच्या हिरव्या पानांवर मारून फायदा नाही. आणि आठ-दहा दिवसांनी परत, नवीन पानं आली की. पहिल्या फवारणीनंतर आलेलं पान पिवळं दिसलं म्हणून औषध फेल गेलं असं नाही, त्या पानावर लोह पडलेलंच नाही, आणि जुन्या पानातलं तिकडे जात नाही. दोन-तीन फवारण्या हा एकच कोर्स धरा.

आता खरा मुद्दा. एवढं सगळं बरोबर केलं तर यंदाचा खोडवा हिरवा होईल, पण पुढच्या वर्षी त्याच पट्ट्यात परत केवडा येणार. कारण जमिनीत लोह कमी नाहीच. हिशोब करा ना. एक एकराची वरची १५ सेंटीमीटर माती साडेआठशे टनांच्या आसपास भरते. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोह चार टक्के जरी धरलं तरी एकरात ३४ टन लोह. आणि आपण एकरी १० किलो हिराकस टाकतो, म्हणजे दोन किलोसुद्धा लोह नाही. भरलेल्या कणगीला कुलूप आहे आणि आपण वरून मूठभर दाणे टाकतोय. कुलूप आहे चुना आणि पाणी.

चुनखडीच्या जमिनीचा पीएच आठच्या वर बसतो. फेरिक लोहाची विद्राव्यता पीएच एकाने वाढला की हजार पटीने घटते, त्यामुळे ३४ टन असूनही मुळाला घोटभर मिळत नाही. त्यात पाणी तुंबलं की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीतच कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट होतं, आणि ते मुळाला लोह घेऊ देत नाही. म्हणून केवडा अख्ख्या शेतात नसतो, सखल भागात, पाटाच्या कडेला, नाहीतर जिथे नांगरताना पांढरे खडे वर येतात तिथे असतो. पट्टा बघितला की कळतं. सपाटीकरणात वरची माती खरवडून खालची चुनखड वर आणलेल्या ठिकाणी तर हमखास.

मग लागणीत (नव्याने लावलेल्या उसात) नाही आणि खोडव्यातच का? ऊस गवताच्या जातीचा, ज्वारी-मक्यासारखा, तो मुळाच्या टोकाकडून एक द्रव्य सोडतो जे मातीतलं फेरिक लोह पकडून आत आणतं. हे काम नवीन, कोवळी मुळं करतात. तोडणीनंतर जुनी मुळं काम सोडत जातात, नवीन फुटायची असतात, जमीन वर्षभराच्या पाण्याने घट्ट झालेली, आणि नेमकं तेव्हाच आपण भरपूर युरिया आणि पाणी देऊन फुटवे जोरात काढतो. वर पानांची मागणी जोरात, खाली मुळं तयार नाहीत. म्हणूनच बऱ्याचदा दोन-अडीच महिन्यांनी केवडा आपोआप कमी होतो आणि शेवटच्या फवारणीला फुकट श्रेय मिळतं.

यावर उपाय म्हणजे तोडणी झाल्यावर बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट पेटवू नका, सरीत दाबून कुजवा, आणि वाफशावर (जमीन ना चिखल ना कोरडी असताना) बगला, म्हणजे सरीच्या वरंब्याच्या बाजू, फोडा म्हणजे जुनी मुळं तुटून नवीन फुटतात आणि हवा खेळते. पहिली दोन-तीन पाणी हलकी द्या. वाफसा आल्याशिवाय पुढचं पाणी नाही. पाटपाण्याच्या पाळीची भीती असते, कबूल, पाळी चुकली तर परत कधी येईल सांगता येत नाही म्हणून माणूस सरी तुडुंब भरून घेतो, पण केवडा पडणाऱ्या पट्ट्यात तेच अंगाशी येतं. सखल भागाला चर काढून निचरा करा, नुसत्या चराने केवडा निम्म्यावर आलेली शेतं बघितलीत.

जमिनीतून हिराकस द्यायचाच तर मोकळा फेकू नका. पाण्यासोबत सरीत सोडलेला हिराकस चुनखडीत काही दिवसांत गंजून बसतो, आळवणीचं (बुडाशी द्रावण ओतण्याचं) तेच. विद्यापीठाची शिफारस आहे हेक्टरी २५ किलो, म्हणजे एकरी १० किलो, तो दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावून, पाच-सहा दिवस सावलीत मुरवायचा आणि बुडख्याशेजारी चळी (उथळ चर) घेऊन पट्ट्याने द्यायचा, वर माती झाकायची. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात म्हणून ते चुन्याच्या तावडीत लगेच सापडत नाही. मळीचं कंपोस्टही चालतं.

माती परीक्षणाला नमुना देताना पिवळ्या पट्ट्याचा वेगळा आणि हिरव्या भागाचा वेगळा द्या, दोन्ही मिसळले तर रिपोर्ट बिनकामाचा. गंजकं खुरपं, लोखंडी घमेलं वापरू नका, लोहाचा आकडा खोटा वाढतो. मृदा आरोग्य पत्रिकेत लोह येतं, ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमी समजतात, पण मुक्त चुना पत्रिकेतल्या बारा गोष्टींत नसतो, तो लॅबमध्ये वेगळा सांगून तपासून घ्या. पाण्याचा रिपोर्टही काढा, बायकार्बोनेटसकट. घरच्या घरी बघायचं तर मातीच्या ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडचे दोन थेंब टाका, फसफसलं की चुना आहे. जितकं जोरात तितका जास्त. हातमोजे घालून, तोंड लांब ठेवून.

आणि कोणी म्हणालं एकरी पोतं-दोन पोती गंधक टाका, सगळा चुना जाईल, तर त्याला हिशोब विचारा. दहा टक्के चुना म्हणजे एकरात वरच्या थरातच ८५ टन, तो मारायला सत्तावीसेक टन गंधक लागेल. गंधकाचा उपयोग शेणखताबरोबर मुळाशेजारच्या पट्ट्यापुरताच. जिप्सम चोपण (सोडियम वाढलेल्या) जमिनीसाठी आहे, चुनखडीच्या जमिनीत आधीच कॅल्शियमचा पूर आहे, तिथे अजून कशाला.

चिलेटेड फेरसचं, म्हणजे ईडीटीए किंवा ईडीडीएचए अशा रसायनाने धरून ठेवलेल्या लोहाचं, विचारतात म्हणून थोडक्यात. ईडीटीएवालं फवारणीला चांगलं, पण आठ पीएचच्या जमिनीतून दिलं तर कॅल्शियम त्यातलं लोह हुसकावून लावतं, पैसे पाण्यात. जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचं तर ईडीडीएचएवालं, ते लालभडक असतं, पीएच नऊपर्यंत टिकतं, आणि किंमत ऐकून उसाला परवडत नाही असंच बहुतेक जण म्हणतील. द्राक्षाला, संत्र्याला लोक वापरतात ते ठीक. साधा हिराकस मात्र खाऱ्या पाण्याच्या ठिबकमधून सोडू नका, ड्रीपरमध्ये गंज बसला की लॅटरल धूत बसाल.

सोयाबीन आणि भुईमूगवाल्यांनाही जुलैच्या झडीनंतर हाच त्रास होतो, पाणी साचलं की वरची पानं पिवळी. तिथेही आधी पाणी बाहेर काढा, मग अर्धा टक्का वरच्यासारखाच. फक्त सोयाबीनवर पिवळा मोझॅक नाही ना ते बघून घ्या, त्यात पानावर वेडेवाकडे पिवळे-हिरवे चट्टे असतात, शिरा हिरव्या राहून मधलं पिवळं असं नसतं.

फवारणी झाली की पंप लगेच दोन पाण्याने धुवा, हिराकस लोखंडी आणि पितळी भाग खातो. कपड्यांवर, फरशीवर पडलं तर वाळायच्या आत पाणी मारा, तांबडा डाग पडलाच तर सायट्रिक ऍसिडचं पाणी चोळा, ब्लीचिंग लावलंत तर डाग अजून पक्का होतो. आणि रक्तवाढीच्या गोळ्यांत हेच असतं ना म्हणून कोणी शेतीचा हिराकस हलक्यात घेऊ नका, गोळीतला माल शुद्ध आणि मोजून असतो, शेतीच्या मालात इतर जड धातूही असू शकतात, आणि लोहाचा जास्त डोस लहान मुलांच्या जिवावर बेततो. पिशवी बांधून, उंचावर, कुलपात ठेवा.

एवढं सगळं करून पण पट्टा पिवळाच असेल तर माती-पाण्याचे रिपोर्ट, मधली शिर दिसेल असा पानाचा जवळून फोटो, आणि शेताचा उतार कुठल्या बाजूला आहे ते पाठवा. नुसता “दादा ऊस पिवळा पडलाय काय मारू” यावर काही सांगता येत नाही.